वाळूतले लग्न : एका आराखड्याची समीक्षा

मी मराठीचा प्राध्यापक आहे. कविता, कथा, आत्मकथने ह्यांवर लिहिणे हा माझ्या व्यवसायाचा भाग. ह्या वेळी मात्र ज्या मजकुरावर लिहितो आहे तो कोणत्याही प्रकाशनाने छापलेला नाही. तीन पानांचा, इंग्रजीत टाईप केलेला तो एक आराखडा आहे. माझ्या एका माजी विद्यार्थिनीने तो मला मोबाईलवर पाठवला आणि खाली मराठीत लिहिले, "सर, आपला वारसा ह्यात नीट आला आहे का, ते तपासून द्या."

आराखडा तिच्या स्वतःच्या लग्नाचा आहे.

ती आमच्या शेंदूरजनाघाटची. वडील संत्र्याच्या नर्सरीत डोळे भरण्याचे काम करतात. ज्यांना आमचा वरूड तालुका ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : सातपुड्याच्या पायथ्याचे हे गाव संत्र्याच्या कलमांसाठी प्रसिद्ध आहे. जंभेरीचे रोप वाढवायचे, त्याच्या सालीत चीर देऊन संत्र्याचा डोळा बसवायचा आणि पट्टीने बांधायचा. हजारो झाडांची बाग अशा हातांतून उभी राहते. बाग मात्र त्या हातांची नसते. ती घरातली पहिली पदवीधर. आता पुण्यात एका संगणक कंपनीत नोकरी करते. तिने निवडलेला मुलगा ह्याच तालुक्यातला, पण बागायतदाराच्या घरातला आणि वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीतला. मुलगी बौद्ध. एवढी ओळख पुरे.

आराखड्यात ठरले आहे ते असे. लग्न जैसलमेरजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर. माणसे एकूण आठ, सगळी पुण्याची मित्रमंडळी. वेळ सूर्यास्ताची. वधूवरांचे कपडे पांढरे, कारण वाळूच्या पिवळ्या रंगावर पांढरे उठून दिसते. 'वारसा' ह्या मथळ्याखाली पाच गोष्टी : बाबासाहेबांचे छायाचित्र, मातीचा घट, त्रिशरण-पंचशील, वधूने स्वतः लिहिलेल्या चार ओळी आणि मांगणियार गायकांचे गाणे. दोन्ही घरच्यांना नंतर कळवायचे. ह्या प्रकाराला तिकडच्या भाषेत 'इलोपमेंट' म्हणतात. गर्दी टाळून, ताण न घेता, आपल्या मनासारखे, दोघांपुरते लग्न, असा त्याचा आजचा अर्थ आहे.

पहिल्यांदा वाचले तेव्हा मला राग आला. दुसऱ्यांदा वाचले तेव्हा लाज वाटली. आधी लाजेविषयी लिहितो, कारण समीक्षकाने आपण कुठे उभे राहून बोलतो आहोत ते सांगितले पाहिजे.

माझे लग्न सहा वर्षांपूर्वी झाले. मी तेव्हा नुकताच नोकरीत कायम झालो होतो. जयंतीला व्यासपीठावरून साध्या विवाहावर भाषण देणारा मी, माझ्या लग्नात सहाशे पाने उठली. डीजे होता, घोडा होता, आहेराच्या याद्या होत्या. वडिलांनी कर्ज काढले. मी म्हटले, "बाबा, कशाले?" ते म्हणाले, "आपल्या दारात कोनाचं लगन असं झालं नाही. लोकाले दिसू दे." मी गप्प राहिलो. ते कर्ज दोघांनी मिळून तीन वर्षे फेडले. तेव्हा ह्या मुलीच्या आराखड्यात हुंडा नाही, कर्ज नाही, डीजे नाही, कन्यादान नाही, मुहूर्त नाही, ह्याला मी नाक मुरडू शकत नाही. मला जे जमले नाही ते तिने एका पानात निकालात काढले आहे. नवरीने स्वतःच्या तोंडाने बोलायचे ठरवले आहे, ही तर त्याहून मोठी गोष्ट. माझ्या लग्नात माझी बायको एक शब्दही बोलली नव्हती आणि तिला कोणी विचारलेही नव्हते.

आता रागाविषयी.

'पळून जाणे' ह्या शब्दाला आपल्या मुलखात एक अर्थ आहे. पळून जाणे म्हणजे रात्रीची एसटी, बंद केलेला मोबाईल, पोलीस ठाण्यात दिलेली हरवल्याची तक्रार आणि मागे राहिलेल्या घरावर होणारा राग. २०१३ च्या पहिल्याच दिवशी नगर जिल्ह्यातील सोनई येथे मेहतर समाजातील तीन तरुणांचा खून झाला, तो एका प्रेमसंबंधाच्या कारणाने. नागराज मंजुळे ह्यांचा 'सैराट' २०१६ साली आला. त्यातले दोघे पळून जातात, परमुलखात संसार उभा करतात, आणि वर्षांनंतर माहेरची माणसे दारात येतात. चित्रपटगृहात गाण्यांवर नाचलेली पोरे शेवटी मुकाट बाहेर पडताना मी पाहिली आहेत. अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सविस्तर निर्देश द्यावे लागले. ज्या शब्दाला आपल्याकडे रक्ताचा वास आहे, तोच शब्द दुसऱ्या एका वर्गात हौसेचा झाला आहे. ह्या मुलीने तो हौसेचा अर्थ उचलला. पण तिची परिस्थिती पहिल्या अर्थातली आहे. आराखड्यात भीतीचा एकही शब्द नाही. मला वाटते, आराखड्याची खरी लेखिका ती भीतीच आहे. आठ माणसे, परका प्रांत, नंतर कळवणे : हौस म्हणून जे मांडले आहे ते सगळे भीतीलाही तेवढेच सोयीचे आहे.

दुसरा मुद्दा वाळवंटाचा. आराखड्यात वाळवंट रिकामे आहे. तिथे सूर्य आहे, वाळू आहे आणि माणूस नाही. जैसलमेर-बाडमेरच्या वाळूत मेघवाल राहतात, भिल्ल राहतात. त्याच राजस्थानात दलित नवरदेव घोडीवर बसला म्हणून वरात अडवल्याच्या आणि वरातीला पोलीस बंदोबस्त द्यावा लागल्याच्या बातम्या आजही वाचायला मिळतात. आणि मांगणियार? हे बहुतांशी मुसलमान असलेले पिढीजात गायक. यजमानाच्या घरी जन्म, लग्न, मरण ह्या प्रसंगी गाणे हा त्यांचा वंशपरंपरेने ठरलेला धंदा. त्यांचे गाणे थोर आहे, त्यांचे कलावंत जगभर गाजले आहेत, हे मान्य. पण यजमान आणि याचक ह्या नात्यातून ते गाणे जन्मले आहे, हे विसरून ते आपल्या लग्नात वारसा म्हणून कसे मांडायचे?

आपल्याकडेही हे होतेच. वऱ्हाडातल्या गावगाड्यात पाटलाच्या मांडवाबाहेर डफडे वाजवणारा मांग होता. सांगावा घेऊन धावणारा, सरपण फोडणारा महार होता. पंगत उठेपर्यंत तो उन्हात बसे आणि उरलेले घेऊन घरी जाई. माझ्या आजोबांनी हे केलेले आहे. लग्न ह्या प्रसंगाशी आमच्या घराचे पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते हे असे, मांडवाबाहेरचे. म्हणून 'सांस्कृतिक वारसा' हा शब्द कोणी सहज उच्चारला की मी थांबतो आणि विचारतो : कोणता? डफड्याचा नाद हाही वारसा आहे आणि ते डफडे खाली ठेवणे हाही वारसाच आहे. दोन्हींचा एकदम सन्मान करता येत नाही. निवड करावी लागते. आराखड्यात ही निवड झालेली नाही. घट आणि मांगणियार तिथे एका यादीत शेजारी बसले आहेत.

मग आपला निवडलेला वारसा कोणता? मला दोन मजकूर दिसतात. दोन्ही आटोपशीर आहेत आणि दोन्ही साहित्य म्हणून वाचण्याजोगे आहेत.

पहिला जोतीराव फुल्यांचा. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह लागला, भटजीविना आणि अगदी थोड्या खर्चात. (पुढे १९२७ साली ह्याच तारखेला महाडला मनुस्मृती जाळली गेली.) १८८७ साली जोतीरावांनी मंगलाष्टकांसह पूजाविधीची पुस्तिका छापली. साहित्याचा विद्यार्थी म्हणून त्या मंगलाष्टकांतली एक गोष्ट मला सर्वात मोठी वाटते : ती संवादरूप आहेत. प्रचलित मंगलाष्टकांत पुरोहित बोलतो आणि वधूवर ऐकतात. इथे वधू आणि वर एकमेकांशी बोलतात. वधू स्त्रियांना नाकारलेल्या हक्कांचा जाब विचारते आणि वर ते हक्क देण्याची शपथ घेतो. जमलेली माणसे ती शपथ ऐकतात. म्हणजे विधीत तीन पक्ष आहेत : विचारणारी, वचन देणारा आणि ऐकणारे. ह्यातला तिसरा पक्ष काढला तर शपथेचे वजन निम्मे होते, कारण उद्या ती मोडली तर आठवण कोण करून देणार?

ही गोष्ट त्या काळीही सुखासुखी झाली नाही. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी घरची लग्ने जोशाला न बोलावता लावली, तेव्हा जोशांनी आपला हक्क बुडाला म्हणून दावा लावला. तो मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि शेवटी पाटलांच्या बाजूने निकाल लागला. ओतूरकरांना पंढरपूर-काशीला जाऊन गुपचूप लग्ने लावता आली असती. त्यांनी ती गावात लावली. वारसा म्हणायचा तो ह्याला.

दुसरा मजकूर बाबासाहेबांचा. ४ डिसेंबर १९५६ रोजी, महापरिनिर्वाणाच्या दोन दिवस आधी, त्यांनी एका पत्रात बौद्ध विवाहाची पद्धत कळवली. होम नाही, सप्तपदी नाही. पाटावर मातीचा नवा घट, काठोकाठ पाणी. दोन बाजूंना वधूवर, पांढऱ्या वस्त्रांत. घटातल्या पाण्यात सुताचा धागा, त्याचे एकेक टोक दोघांच्या हाती. कोणीतरी मंगलसुत्त म्हणावे. ह्यातल्या 'कोणीतरी' ह्या कल्पनेवर मी वर्गात एक तास घेऊ शकेन. त्यात पुरोहित नाही, जातीने ठरलेला अधिकारी नाही. म्हणता येणारा कोणताही माणूस चालतो. घट कुंभाराचा, सूत कपाशीचे, पाणी विहिरीचे. महारवाड्यातल्या दरिद्री घरालाही परवडेल असा हा विधी आहे. ज्या माणसाचे पहिले लग्न भायखळ्याच्या बाजारात, बाजार उठल्यावर रात्री लागले होते, त्याने हे लिहिले, हे लक्षात ठेवावे. त्याच माणसाने १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर ह्यांच्याशी दिल्लीतल्या राहत्या घरी, मोजक्या माणसांत, नोंदणी पद्धतीने दुसरा विवाह केला. तो आंतरजातीय होता. साधे, खासगी, ताण नसलेले लग्न हवे असेल तर त्याचा नमुना आपल्या घरात आहे. त्यासाठी परदेशी शब्दाची उसनवारी करायची गरज नाही.

आणि आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९२७ साली आंतरजातीय विवाह केला, गाडगेबाबा लग्नासाठी कर्ज काढणाऱ्याला कीर्तनात उभे-आडवे घेत, तुकडोजी महाराजांनी 'ग्रामगीते'त साध्या विवाहाचा पुरस्कार केला. एवढी शिदोरी असताना आपल्या गावात लग्नाच्या हंगामात काय दिसते ते मी सांगायला नको.

इथे आपल्यालाही सोडून चालणार नाही. आराखड्यातले पांढरे कपडे छायाचित्रासाठी आहेत म्हणून मी हसलो. पण आपल्या विहारातल्या लग्नांत तरी ते कशासाठी असतात? पंचशील संपते न संपते तोच डीजे सुरू होतो. परिचयपत्रात 'बौद्ध' लिहून पुढे पोटजात विचारली जाते. 'जातिभेद निर्मूलन' हे १९३६ चे पुस्तक प्रत्येकाच्या कपाटात असते. आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय, हे त्यातले म्हणणे आपण परीक्षेत लिहितो. मुलीने घरी तसे नाव काढले की मात्र आपल्याही आवाजाला धार येते. सत्यशोधक विधीने भटजी काढला, जात शिल्लक राहिली. आपण होम काढला, जात शिल्लक राहिली. ह्या मुलीने जात काढली आणि तिच्या लग्नाला यायला आपल्यातले कोणी नाही, म्हणून ती वाळूत चालली आहे. तिच्या आराखड्यातली सर्वात मोठी उणीव ही तिची नसून आपली आहे.

मी हे सगळे तिला पत्रात लिहिले. सोबत कायद्याचीही माहिती दिली, कारण नुसता उपदेश करणे हा प्राध्यापकी रोग आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात बौद्धांनाही 'हिंदू' धरले आहे, म्हणून त्या मार्गानेही त्यांना जाता येईल. पण तिथे लग्नाची वैधता रूढ विधीवर उभी असते. योग्य विधी झालाच नसेल तर नुसत्या प्रमाणपत्राने लग्न ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा सांगितले आहे. १९५४ चा विशेष विवाह कायदा वेगळा आहे. त्यात विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार ह्यांच्यासमोर, दोघांना समजेल त्या भाषेत, एकमेकांचा स्वीकार केल्याचे बोलायचे असते. बाकी विधी कोणताही निवडा. जादा शुल्क भरले तर कचेरीपासून वाजवी अंतरावरच्या दुसऱ्या जागीही तो करता येतो. म्हणजे जोतीरावांचा संवाद आणि बाबासाहेबांचा घट दोन्हींना ह्या कायद्यात जागा आहे. वऱ्हाडीत बोलले तरी चालते! जैसलमेरला मात्र हे होणार नाही, कारण दोघांपैकी एकाचा तरी त्या जिल्ह्यात नोटिशीआधी तीस दिवस मुक्काम लागतो.

पण नोटीस हाच ह्या कायद्यातला काटा आहे, तोही लपवला नाही. लग्नाची नोटीस कचेरीत ठळक जागी लावतात आणि तीस दिवस हरकतीची वाट पाहतात. पुण्यात नोटीस दिली आणि कायमचा पत्ता अमरावती जिल्ह्यातला असला, तर प्रत इकडच्या कचेरीत येऊन इथेही लागते. जात ही हरकत होऊ शकत नाही. वय, पूर्वीचे लग्न, मनाची अवस्था, निषिद्ध नाते एवढ्याच हरकती कायद्याला चालतात. तरी भिंतीवरचा कागद वाचणाऱ्यांना कायद्याशी कर्तव्य नसते. २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने ही नोटीस लावणे जोडप्याच्या इच्छेवर सोडले, पण ती सवलत आपल्याकडे आपोआप मिळत नाही. लग्न उजेडात करा असे आपण म्हणतो, आणि तो उजेडच जिवावर बेतू शकतो. ह्या पेचावर माझ्याकडे तयार उत्तर नाही.

पत्र पाठवण्यापूर्वी, तिच्या परवानगीने, मी तिच्या वडिलांना भेटलो. ते नर्सरीत जंभेरीच्या रांगेत उकिडवे बसले होते. जयभीम झाला. त्यांना सगळे आधीच कळले होते, कसे ते त्यांनी सांगितले नाही. मुलाच्या जातीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. हातातला चाकू न थांबवता म्हणाले, "मास्तर, तिनं कोनाशी कराव ते तिचं ती जाने. पन वाळूत काऊन जी? आमची लाज वाटते का तिले?"

हे वाक्य मी पत्रात शेवटी जसेच्या तसे घातले.

तिचे उत्तर चार दिवसांनी आले. लांब नव्हते. "सर, बाबांची लाज नाही वाटत. बाबांना मारतील म्हणून भीती वाटते. मी लग्न करून पुण्याला जाईन, ते तिथेच राहतील. तुम्ही लिहिलेले सगळे खरे आहे. ऐकणारी माणसे पाहिजेत, हे पटले. मग सांगा, अमरावतीला नोटीस दिली तर तीन साक्षीदारांत तुमचे नाव घालू का? आणि घट बाबांच्या दारात ठेवला तर त्या दिवशी आणि त्यानंतर तिथे कोण कोण उभे राहील, त्यांची नावे पाठवा."

मी समीक्षा पाठवली होती. तिने माझ्याकडे यादी मागितली.

मला कबूल केले पाहिजे की मी दोन दिवस उत्तर दिले नाही. ज्या संस्थेत मी शिकवतो ती ह्याच तालुक्यात आहे. ज्यांच्या बागा आहेत त्यांची मुले माझ्या वर्गात बसतात. घरी दोन वर्षांचा मुलगा आहे. हे सगळे मनात आले. आंतरजातीय विवाहावर मी अभ्यासक्रमात आणि व्यासपीठावर किती वेळा बोललो ते मोजले, आणि किती नोटिशींखाली सही केली तेही मोजले. दुसरा आकडा शून्य होता. बायकोला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "माह्या लग्नात मले कोनी काही विचारलं नाही. हिनं विचारलं तं उत्तर द्या न." मग मी माझे नाव लिहिले. खाली तिनेही स्वतःचे लिहिले.

तीन साक्षीदारांपैकी दोन झाले. तिसरा मी शोधतो आहे. दारात उभे राहणाऱ्यांच्या यादीत ह्या घडीला नऊ नावे आहेत, त्यांत एक माळी समाजातले शिक्षक आणि एक मातंग समाजातले वाजंत्री आहेत. त्या वाजंत्र्यांनी स्पष्ट सांगितले की ते वाजवायला येणार नाहीत, पाहुणे म्हणून येतील. आराखडा अजून बदलतो आहे. मुलगी अजून घाबरलेली आहे आणि मुलगा घरी अजून बोललेला नाही. लग्न कुठे होईल ते मी आज सांगू शकत नाही. शेवटी ती दोघे वाळूतच गेली, तर त्यांना दोष देणारा लेख मी लिहिणार नाही.

हे अंक वाचणारे बहुतेक जण कार्यकर्ते, शिक्षक, विद्यार्थी आहेत. आपण दलित साहित्यात बांधिलकी शोधतो, लेखक कोणत्या बाजूला उभा आहे ते विचारतो. तोच प्रश्न ह्या मुलीने मला विचारला. आपापल्या गावात असा आराखडा कोणाच्या तरी मोबाईलमध्ये असणार. तो तुमच्याकडे तपासायला आला, तर तपासण्याआधी तुमच्या यादीत किती नावे आहेत ते पाहून ठेवा.